पंचवीसपैकी पंधरा

माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून ‘साधारण’ हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. चहात साखर दीड चमचा म्हणजे दीडच, आणि तो अर्धा चमचा मोजताना आईचा चहा गार होतो. वर्कशॉपमध्ये त्याला मायक्रॉन म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गेली चौदा वर्षं तो लेथवर उभा राहून पंपांचे शाफ्ट, म्हणजे गोल दांडे, कातून देतो, आणि त्याच्या हातचा तुकडा कधी परत आल्याचं फोरमनला आठवत नाही. असा माणूस घरात असला की अभिमान वाटतो. त्याला परीक्षेला बसवायचं असलं तर मात्र कपाळाला हात लावायची पाळी येते.

परीक्षा होती विद्यापीठाची, भौतिकशास्त्राच्या प्रवेशासाठी. आधी गणित, मग भौतिकशास्त्र. गणिताचे पंचवीस प्रश्न, साठ मिनिटं, प्रत्येकाला पाच पर्याय आणि कॅल्क्युलेटरला बंदी. पंचवीसपैकी पंधरा बरोबर आले नाहीत तर भौतिकशास्त्राचा पेपर कुणी उघडूनही बघत नाही. नोकरी करणाऱ्यांना ही परीक्षा दोनदाच देता येते. गेल्या वर्षी त्याला गणितात अकरा मिळाले होते, त्यामुळे आता एकच संधी उरली होती.

एकतिसाव्या वर्षी हे खूळ कशाला, असं नातेवाइकांनी विचारून झालं होतं. कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणजे त्यांना पटेल असं नव्हतं. लेथवर लांब दांडा लावला की एका ठरावीक वेगाला तो थरथरतो, गातो, आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. वेग थोडा कमी केला की गप्प. असं का होतं, हे त्यानं एकदा इंजिनिअरला विचारलं. वेग कमी कर आणि काम कर, असं उत्तर मिळालं. ते ‘का’ त्याच्या डोक्यातून गेलंच नाही.

दुसरं कारण मला ठाऊक होतं आणि घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. वडील गेले तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तो सतराचा. दोघांपैकी एकालाच पुढं शिकता येणार होतं. तो लेथवर उभा राहिला म्हणून मी आज शाळेत गणिताची बाई आहे. हे मला रोज टोचतं, आणि टोचलं की मी चिडते. चिडायला समोर तोच असतो.

परीक्षेला आठ आठवडे होते. पहिली पाळी संपवून तो पाच वाजता माझ्या रिकाम्या वर्गात यायचा. नववीच्या बाकात त्याचे गुडघे मावत नसत, अंगाला कटिंग ऑइलचा वास असे. साडेसहाला शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहायचा, म्हणजे एक पेपर सोडवायचा आणि तपासायचा, बस्स. मी माझं स्टॉपवॉच टेबलावर ठेवायची आणि वर्गात येरझाऱ्या घालायची.

पहिली भानगड वर्तुळाची. वर्कशॉपच्या नकाशात व्यास लिहिलेला असतो. चौदा वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या कुठल्याच गोल वस्तूला त्रिज्या नव्हती. त्यामुळे प्रश्नात ‘आर’ दिसला की तो व्यास धरायचा आणि क्षेत्रफळाची वाट लागायची. दहा प्रश्न बरोबर आणि वर्तुळाचे तिन्ही चूक, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल शाईनं ‘निम्मा’ असं लिहून दिलं. नववीतल्या पोरांनाही मी इतकं लाडावलेलं नाही.

वर्तुळं सुधारली, आकडा मात्र तेराच्या पुढं हलेना. आता त्यानं सोडवलेलं सगळं बरोबर असायचं, पण तो सोडवायचाच तेरा. उत्तर आलं की उलटीकडून पुन्हा करून बघायचं, पटलं की तिसऱ्यांदा. मी म्हटलं, तपासू नकोस, नुसतं सोडवत जा. त्या दिवशी त्यानं बावीस सोडवले आणि नऊ चुकले. म्हणजे पुन्हा तेराच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेळेचं भान नसलेल्या माणसानं शिकण्याची स्वप्नं बघू नयेत, असं मी बोलून गेले. दारात उभा असलेला शिपाई नजर चुकवून बाहेर गेला.

भावानं पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

“ताई, तू एकदा सोडव ना हा पेपर. घड्याळ मी धरतो.”

बारा वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे आव्हान वाटतं, आणि मला ते वाटलंच. दुसऱ्या दिवशी न पाहिलेला पेपर घेऊन मी बाकात बसले. विसाव्या मिनिटापर्यंत मी ऐटीत होते. तिसाव्याला मी एकच बेरीज तिसऱ्यांदा करत होते. पन्नासाव्याला मी सातव्या प्रश्नाकडे परत जाऊन तो चौथ्यांदा वाचत होते आणि अक्षरं कळत होती, अर्थ लागत नव्हता. अठरा सोडवले, पाच चुकले. पंचवीसपैकी तेरा. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं स्टॉपवॉच परत टेबलावर ठेवलं आणि मला पाणी आणून दिलं. मला खरोखर लाज वाटली. इतके दिवस मी त्याला ज्यावरून झापत होते ते मलाही येत नव्हतं.

त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकांशी जपून बोलत होतो. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. मीच शेवटी विचारलं, की तुमच्याकडे दिवसाला शेकड्यानं माल निघतो तेव्हा प्रत्येक नग तीनतीनदा मोजता का?

“छे गं. शाफ्टचं वेगळं. भोकं असली तर गेज असतं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं अडकलं पाहिजे. तसं झालं की नग पास. मोजायचं फक्त शंका आली तर.”

“मग इथं तसं का करत नाहीस?”

तो जरा ओशाळला. म्हणाला, “ते आमचं कामगारांचं आहे. मला वाटलं, विद्यापीठात तसं चालत नसेल.”

मी खुर्चीत बसले. हा माणूस हातात असलेलं हत्यार बाहेर ठेवून आत येत होता, चपला काढून यावं तसा. आणि मी बाई म्हणवणारी, आठातले पाच आठवडे त्याला फक्त घाई शिकवत होते.

त्या संध्याकाळी आम्ही घड्याळ लावलंच नाही. पहिला प्रश्न घेतला तो वर्तुळाचा जीवेनं कापलेला तुकडा. त्याचं क्षेत्रफळ कोनावरून काढायचं होतं. भाऊ पर्यायांकडे बघत राहिला आणि म्हणाला, कोन शून्य केला तर तुकडाच उरत नाही, म्हणजे उत्तर शून्य यायला हवं. पाचांतले तीन पर्याय तिथंच गळाले. कोन सरळ केला तर अर्धं वर्तुळ यायला हवं. चौथा गळाला. उरलेल्यावर त्यानं खूण केली आणि माझ्याकडे अशा चेहऱ्यानं पाहिलं, की जणू काही चोरलंय. मी पूर्ण रीतीनं सोडवून दाखवलं. तेच उत्तर. तिथून पुढं प्रत्येक उत्तराला दोन टोकं लावायची, शंका आली तरच मोजायचं, असं ठरलं. चौदा आले. मग पंधरा. मग पुन्हा चौदा. एकदा सतरा आले तेव्हा शिपायानं आपणहून दहा मिनिटं उशिरा कुलूप लावलं. शेवटच्या तीन पेपरांत पंधरा, चौदा, सोळा. म्हणजे पास होईल की नाही, हे नाणं उडवून ठरवावं इतकं अधांतरी.

परीक्षेच्या दिवशी मी इमारतीसमोरच्या कट्ट्यावर बसून होते. दोन्ही पेपर देऊन तो बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. सतरा सोडवले, म्हणाला. सतरा ठीक आहे, दोन चुकले तरी चालतील. उरलेल्या आठांना नुसत्या खुणा केल्यास ना, मी विचारलं, चुकीचे गुण कापत नाहीत हे मी तुला पन्नासदा सांगितलंय.

“नाही केल्या.”

“का?”

“आमच्यात माल पास झाला की प्रत्येक जण त्यावर स्वतःच्या नंबराचा शिक्का मारतो. हात न लावलेल्या कामावर मी शिक्का मारत नाही, ताई.”

पाच पर्यायांत आठ अंदाज म्हणजे दीडएक गुण आयता पदरात पडला असता. तो त्यानं रस्त्यावर सांडला होता. मी घरापर्यंत त्याच्याशी बोलले नाही, आणि नंतरही चार दिवस नाही. आईनं दोघांना समोरासमोर जेवायला बसवलं तरी तोंडाला कुलूप. निकालाला तीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांत मी मनातल्या मनात त्याचे सतरा प्रश्न किती वेळा चुकवले आणि बरोबर केले, त्याला गणती नाही. राग आठवड्यात ओसरला. उरली ती भीती, आणि ती माझ्यासाठी होती. तो नापास झाला असता तर मला जन्मभर त्याच्या नजरेला नजर देता आली नसती.

निकाल सकाळी अकराला लागला. त्याचा नंबर मला पाठ होता. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवर तो टाकला. गणित सोळा. पुढं लिहिलं होतं: भौतिकशास्त्राचा पेपर तपासून प्रवेश दिला. मी हेडबाईंना अर्धा दिवस मागितला आणि त्यांचं उत्तर ऐकायला थांबले नाही.

वर्कशॉपमध्ये मशीनवर फोन नेता येत नाही आणि बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. ऑफिसच्या काचेपलीकडे तो दिसत होता, चष्मा लावून दांड्यावर वाकलेला. कट, म्हणजे दांड्यावरून हत्याराची एक सलग फेरी, चालू होता. फोरमन म्हणाले, अकरा मिनिटांचा कट आहे, संपला की बोलावतो. मला अकरा सेकंद धीर निघत नव्हता. तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि मला पाहिलं. मशीनच्या आवाजात हाक पोचणार नव्हती. मी दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवली.

दहा.

त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. रागावला नाही, काही नाही. समजलं, अशी मान हलवली आणि पुन्हा दांड्यावर वाकला. मी मुठी मिटून उरलेली सहा बोटं वर केली तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती. मी काच बडवायला लागले. फोरमननं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, मी म्हटलं सोळा, दहा आणि सहा सोळा. ते धावत आत गेले आणि त्याच्या कानाशी वाकले.

चालू कट मध्येच थांबवला तर दांड्यावर रेघ उमटते आणि तो भंगारात जातो. हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. त्यानं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं, चष्मा काढून तो काचेकडे चालत आला, आणि तेलकट हात तसाच काचेवर ठेवून उभा राहिला. मी माझा हात अलीकडून ठेवला. रेघ पडलेला तुकडा फोरमननं स्वतःच काढला आणि भंगाराच्या पेटीत टाकला.