‘येते’ म्हणाल्या होत्या

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? परवा इथे कॅनडात, मिल्टनमध्ये, एका वाढदिवसाला कुणीतरी हसत हसत वृंदाताईंना गद्दार म्हणालं—आणि मी मुकाट्याने बटाटेवडा खात राहिलो. तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्याच रागाने.

वृंदाताई म्हणजे आमच्या प्रांतातल्या अपक्ष आमदार, मूळच्या साताऱ्याच्या. प्रांताचं नाव नाही सांगत. तिथे तेव्हा अल्पमतातलं सरकार होतं—शपथ राजाच्या नावाची, पण निदान गरिबासाठी काही करू पाहणारं. बेसमेंटमधल्या भाडेकरूला हिवाळ्यात बाहेर काढता येऊ नये, असा कायदा ते आणत होतं. आपली किती पोरं तशा बेसमेंटमध्ये राहतात, ठाऊक आहे ना? विधेयक पडलं तर सरकारही पडणार होतं. आणि सगळं अडलं होतं ताईंच्या एका मतावर.

मी सरकारी पक्षाच्या प्रतोदाच्या ऑफिसात कामाला होतो. मोठा शहाणा! “शी इज लाइक माय सिस्टर, लीव्ह इट टू मी,” असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगून बसलेला.

मतदानाच्या सकाळी त्यांना आणायला गेलो, तर त्या हॉस्पिटलमध्ये. नवऱ्याचं ऑपरेशन अचानक ठरलेलं. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या त्या स्पष्ट म्हणाल्या, “आज नाही रे जमणार. व्होट उद्यावर ढकला म्हणावं. उद्या मी नक्की आहे.” तेवढ्यात नर्सने हाक मारली. “येते हं,” म्हणून त्या आत गेल्या.

येते. आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण मतदान पुढे ढकला म्हणायचं, म्हणजे माझ्या शब्दाला तिथे काडीची किंमत नाही हे कबूल करायचं. वाटलं—येतीलही दुपारपर्यंत. प्रतोदाने विचारलं आणि मी म्हणालो, “शी सेड शी इज कमिंग.”

दुपारी त्यांची खुर्ची रिकामी राहिली. त्या एका मतापायी विधेयक पडलं, सरकार पडलं. आणि मी? मी खांदे उडवून सांगत सुटलो—‘येते’ म्हणाल्या होत्या! गोऱ्यांना सांगितलं, आपल्या लोकांनाही सांगितलं. शब्द तर खरा होता ना? किती हलकट असावं माणसाने!

त्यांच्या दारापुढच्या बर्फावर कुणीतरी लाल स्प्रेने शिवी लिहिली. इथल्या मराठी मंडळाने त्यांना गणपतीला बोलावणं बंद केलं. नवरा ऑपरेशन टेबलवर होता हे कळल्यावरही आपली माणसं विचारत होती—मग येते कशाला म्हणाली? पुढच्या निवडणुकीत त्या हरल्या.

एकदाच त्यांचा फोन आला. आता सोलून काढतील, असं वाटलं.

“अरे, जाताना मी येते म्हणाले, त्यानेच तुझा घोळ झाला ना? घाईत होते रे मी. जाऊ दे. कुणाला बोलू नकोस, जॉब जाईल तुझा. मीही नाही बोलणार.”

आजतागायत त्या एक अक्षर बोललेल्या नाहीत.

आणि मी तेव्हा काय म्हणालो? “हो ताई, घोळच झाला माझा.” वर थँक्यू म्हणालो.