तेरा नंबरचं पत्र

मागच्या शनिवारी सकाळी वारज्याहून स्कूटर काढली, तेव्हा माझ्या खिशात दुसऱ्याच्या मुलीचं नाव होतं आणि ते तीन आठवडे शिळं झालं होतं.

झालं असं. कारगिलला लढाई पेटलेली असताना सासूबाईंना देवीच्या दर्शनाला मी जम्मूकडे घेऊन गेलो होतो. (यातलं शौर्य सगळं सासूबाईंचं.) परतताना फलाटावर आमचं मराठी ऐकून एक जवान जवळ आला. विजय त्याचं नाव.

"पुण्याचे ना साहेब? आमच्या टपालाला फार दिवस लागतात, तुम्ही परवा घरी असाल. मुलगी झालीय मला. तिच्या नावाचं लिहिलंय यात, बारसं अडलंय."

"परवा पोचलं म्हणून समजा," मी म्हणालो. विसरायला नको म्हणून पाकीट अक्रोडांच्या पिशवीत ठेवलं. सासूबाईंनी पिशवी कपाटात ठेवली. ती उघडली शुक्रवारी.

दोन हजार साल उजाडल्यावर अमेरिकेतल्या संगणकांच्या तारखा चुकू नयेत, यासाठी मला पगार मिळतो. अक्रोडांचं त्यांना कोणी कळवू नये.

जवान म्हणजे खडकी, असं मी धरून चाललो. तिथं पोचून तासभर क्वार्टर्समधून फिरलो. विजय तीन भेटले. एक निवृत्त, एक शाळकरी आणि एक कुत्रा. शेवटी चहाच्या टपरीवर विचारलं.

"पाकिटावर काय लिहिलंय?" टपरीवाला म्हणाला.

पाहिलं. विश्रांतवाडी.

"म्हणजे वाचता येतं आपल्याला," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आळंदी रस्त्यानं विश्रांतवाडी गाठली, तेव्हा ऊन चढलं होतं. माफी मागायची म्हणून मी इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून गेलो होतो. दार उघडंच होतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि खांद्यावर बाळ थोपटत उभी असलेली एक तरुण बाई, पाकिटावरची संगीता. तिनं माझा टाय पाहिला, हातातलं पाकीट पाहिलं, आणि थोपटणारा हात थांबला.

"अण्णा," माझ्यावरची नजर न हलवता तिनं हाक मारली. "अण्णा, बाहेर या."

तिचे सासरे बाहेर आले. "कुठून आलात आपण?"

"जम्मूहून," मी म्हणालो. ते चाचपडत खुर्चीत बसले.

लढाईवर गेलेल्या जवानाच्या घरी अनोळखी टायवाला पाकीट घेऊन येतो, याचा अर्थ मला तेव्हा कळला. "बरे आहेत ते, त्यांनी स्वतःच दिलंय," असं म्हणून मी अक्रोडांसकट सगळं एका दमात ओकून टाकलं.

तिनं पाकिटाचा कोपरा पाहिला. "तेरा नंबर."

अण्णांनी समजावलं. सैन्यातली पत्रं मागेपुढे पोचतात, म्हणून नवरा-बायको प्रत्येक पत्रावर आकडा टाकत. चौदा आणि पंधरा येऊन गेली होती. दोन्हींत एकच प्रश्न, 'नाव ठेवलंस का?' आणि कुठलं नाव, ते इथं कोणालाच ठाऊक नाही. बारसं दोनदा पुढं ढकललं होतं.

"अक्रोड चांगले होते का?" संगीतानं मला विचारलं. मी पाणी मागितलं नाही.

तिनं पत्र वाचलं आणि ते अण्णांकडे दिलं. अण्णांनी मोठ्यानं वाचलं, 'तीन नावं लिहितोय. मला ठरवता येईना. तुला आवडेल ते ठेव, पण लगेच कळव. इथं सगळे विचारतात मुलीचं नाव काय, आणि मी नुसता हसतो.'

म्हणजे तीन आठवडे इथं ही ताटकळली होती आणि तिकडं तो.

बाळाला अण्णांच्या मांडीवर देऊन तिनं तिथंच आंतरदेशीय पत्र लिहायला घेतलं. तिन्ही नावांवरून पेन फिरवलं, एकापाशी थांबली, आणि दोन ओळींत पत्र संपवून चिकटवलं. वर पत्ता घातला. त्याचा नंबर, युनिट आणि '५६ एपीओ' (सैन्याचं टपाल कार्यालय; सैनिक कुठेही असो, घरच्यांना ठाऊक असलेलं ठिकाण एवढंच).

"द्या, जाताना पेटीत टाकतो," मी हात पुढे केला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नको."

नाक्यावरच्या पेटीपर्यंत ती स्वतः चालत गेली. मी मागून स्कूटर ढकलत. पत्र टाकून तिनं पेटीच्या तोंडात बोटं घालून ते आत पडल्याची खात्री केली.

"कुठलं ठेवलंत?" मी विचारलं.

"आधी ह्यांना कळू दे. मग बाकीच्यांना."

वारज्याला परतलो तर बायको आणि सासूबाई दारातच. "काय नाव ठेवलं?" मला सांगता येईना.

आज सहावा दिवस. संध्याकाळी टीव्हीवर शहीद जवानांची नावं सांगू लागले की आमच्या घरी घास हातात थांबतो. एक नाव कळावं म्हणून आम्ही वाट बघतोय, आणि दुसरं ऐकू येऊ नये म्हणून.