अंगठ्यातली हिरवी काच

महाड ठाण्यावर फौजदार म्हणून हजर झालो तेव्हा माझी मिशी नवी होती आणि अक्कल त्याहून नवी. त्या काळातली एक घटना मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. थंडीत उजव्या पायाचा अंगठा ठणकला की तोच आठवण करून देतो.

पोलादपूर रस्त्यावर एका म्हाताऱ्याला मोटारीने उडवल्याची वर्दी दुपारी आली. हवालदाराला मागून यायला सांगून मी सायकल काढली. पाहतो तर महाडचे बांगड्या भरणारे चाचा आंब्याच्या बुंध्याला टेकून बसलेले. उजवं मनगट वाकडं झालेलं, पेटी फुटलेली, रस्ताभर बांगड्यांचा हिरवा चुरा. शेतातल्या दोघांना त्यांनी हाका मारून थांबवून ठेवलं होतं.

"काळी मोटार, साहेब. मागनं आली, पाडलंन आणि पोलादपूरकडं गेली. ह्यांनी पण बघितलीय."

दोघांनी माना डोलावल्या.

"पण माझं ऱ्हाऊ दे. पुढच्या गावात एका पोरीची आज सांजेला हळद हाय. चुडा भरल्याबिगर हळद कशी लागंल? तिच्या आईचा चुडा पण मीच भरलेला."

"चाचा, आधी तपास," मी रुबाबात म्हणालो आणि तपासाची सुरुवात झाडूने केली. हवालदार येताच त्याला सगळी काच झाडून ओढ्यात टाकायला लावली.

"झाडू नका, साहेब. काय झालं ते कुणी बघंल तरी."

"लोक अनवाणी चालतात, चाचा."

हवालदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं, पण तो नोकरीत मुरलेला होता. झाडत राहिला. चाचांना बैलगाडीतून दवाखान्यात धाडलं.

गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो, असं मला शिकवलेलं होतं. मोटार पोलादपूरकडे गेल्याचं तिघांनी सांगितलं असूनही मी तिथेच दबा धरला आणि पोलादपूरकडून आलेली पहिली उतारूंची सर्व्हिस मोटार अडवली. ड्रायव्हरला खाली उतरवून दरडावू लागलो, तशी आतून एक बाई म्हणाली, "अवो फौजदार, ही गाडी सकाळपासनं घाटात बंद पडलेली. आमीच ढकलत आणलीय. ही कुणाला उडवणार?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आता निदान चाचांचा निरोप तरी पोचवावा म्हणून लग्नघरी गेलो. बूट काढून मांडवात शिरलो. नवरी मोकळ्या हातांनी बसलेली, भोवती बायकांची कुजबुज. मी झालेलं सांगितलं. नवरीचे डोळे भरले. तिची आई म्हणाली, "चाचांचा जीव वाचला ना? मग बस झालं." पण बोलताना तिची नजर मुलीच्या मनगटांवरून हलत नव्हती.

बाहेर आलो तर मांडवामागे काळी मोटार. वरातीसाठी भाड्याने बोलावलेली, दुपारीच रिकामी आलेली. ड्रायव्हर बिडी ओढत होता.

"कुठल्या वाटेने आलास?"

"घाटावरनं, साहेब. महाडाकडं गेलोच नाय."

"वाटेत कुणाला धक्का लागला?"

"कुत्र्याला पण नाय."

जबाब बिनचूक होता. माझ्याजवळ पुढचा प्रश्नच नव्हता. मग प्रश्न नसलेला अधिकारी जे करतो ते मी केलं. आवाज चढवला आणि मोटारीच्या चाकाला सणसणीत लाथ मारली. बूट मांडवाच्या दारातच राहिले होते, हे लाथ बसल्यावर आठवलं.

मी खाली बसलो. अंगठ्यातून रक्त वाहत होतं आणि त्यात हिरवी काच चमकत होती. चाकाच्या खाचांमध्ये तसलेच आणखी तुकडे रुतलेले.

ड्रायव्हरच्या हातातली बिडी गळून पडली. "मेले असतील असं वाटलं, साहेब. मागं बघायची छाती झाली नाय."

"जिवंत आहेत. मनगट मोडलंय."

तो मटकन माझ्याशेजारी बसला. "मग टाका मला आत," म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम हलका झाला.

पंचनाम्याला पंच बोलावले. त्यांनी आधी चाक पाहिलं, मग माझा अंगठा. जप्त मोटारीत बसून आम्ही महाडला निघालो. आरोपी गाडी चालवतोय आणि तपास अधिकारी एका पायात बूट घालून शेजारी, असा तो थाट.

दवाखान्यातून चाचांना आणि घरून चाचींना, नव्या बांगड्यांसह, घेतलं. चाचा आरोपीला एवढंच म्हणाले, "बाबा, आता हळू." हळदीआधी मांडवात पोचलो. चाची चुडा भरू लागल्या, चाचा बांधलेला हात सांभाळत सूचना देऊ लागले.

"अंगठा दाबून धर. घाई नको."

"गप बसा हो. एवढी वर्सं तुमचंच बघतेय ना?"

नवरी खुदकन हसली. तिची आई माझ्या पायाला चिंधी बांधत म्हणाली, "साहेब, चुडा पोरीला भरायचा होता. तुमाला पायात भरून घ्यायला कुणी सांगितलेलं?"

कोर्टात मॅजिस्ट्रेटनी विचारलं, मुद्देमाल कुठे सापडला. मी खरं ते सांगितलं. ड्रायव्हरला शिक्षा झाली. कोर्ट मात्र माझ्यावर हसलं.

पायी चालताना कुणी अंगावर गाडी घालून पळाला, तर चाचांसारखं करावं. धडपडत उठू नये. हाका मारून माणसं थांबवावीत, गाडी कशी होती, कुठे गेली ते तिथल्या तिथे सांगून ठेवावं, मग दवाखाना गाठावा. आणि जागेवरची काच कुणालाही झाडू देऊ नये. फौजदार आला, तर त्याला तर मुळीच नाही.