पप्पांची वळणदार अवतरणचिन्हं

माझ्या वडिलांची बोटं कधी स्वस्थ नसतात. येरवड्यात त्यांना अजून रतन मास्तर म्हणून ओळखतात, कारण तिथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्यात त्यांची हयात गेली. इन्स्टिट्यूट बंद पडली, बोटं चालूच राहिली. वाढेपर्यंत ताटाच्या कडेवर टकटक, रिक्षात मांडीवर टकटक. टीव्हीवर कुणी भाषण ठोकलं की तेही खुर्चीच्या दांडीवर टाइप होतं. विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत या आवाजाची इतकी सवय झालीय, की एरवी तो ऐकूच येत नाही.

त्या शुक्रवारी मात्र तो माझ्या डोक्यात जात होता. चार वाजता डेमो होता, म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. आईच्या आजारपणात नोकरी सोडली ती सुटलीच होती. आता कुठे एका छोट्या कंपनीने मला चाचणीवर घेतलं होतं, तेही स्वतःच्या लॅपटॉपसकट. डेमो जमला तर कायम, नाहीतर घरी बसा, असं तिथल्या सलिल सरांनी स्वच्छ सांगितलं होतं. अस्सल पुणेकर, गोड बोलायची सवयच नाही.

आणि जेवून बसले तर कोड चालेना. जी नवी ओळ लिहावी तिच्याखाली लाल रेघ. निरखून पाहिलं तर अवतरणचिन्हं वळणदार उमटत होती, लग्नपत्रिकेत असतात तशी. कोडला सरळ उभी चिन्हंच कळतात, वळण दिसलं की तो अडून बसतो. मी खोडलं, पुन्हा मारलं, पुन्हा वळण. फॉन्ट बदलला. ज्यात कोड लिहिते तो एडिटर काढून नव्याने टाकला. लॅपटॉप उलटा करून झटकलासुद्धा, जसा काही त्यातून खडाच पडणार होता. सगळी चिन्हं एकदम बदलावीत म्हणून एडिटरच्या शोधचौकटीत सरळ चिन्ह मारायला गेले, तर तिथेही वळण!

बाहेर टकटक चालूच.

"पप्पा, बंद करा ना ते! नोकरी जाईल माझी!"

बाहेर एकदम शांत झालं.

मग सुचलं. ब्राउझर उघडून तिथे तेच चिन्ह मारलं. वळणदार! म्हणजे बिचाऱ्या एडिटरचा दोष नव्हताच, मधे कुणीतरी बसून चिन्हं बदलत होतं. खाली घड्याळाशेजारी एक अनोळखी हिरवं चित्र दिसलं.

"पप्पा, माझ्या लॅपटॉपवर काही टाकलंत का?"

"जयंती उत्सवाच्या पत्रकासाठी टाकलं सकाळी, व्हिडिओ बघून," बाहेरून आवाज आला. "उघडताना आणि मिटताना एकच चिन्ह, बरं दिसतं का ते? टाइपरायटरला एकच कळ होती म्हणून जन्मभर चालवून घेतलं. कॉम्प्युटरला काय धाड भरलीय?"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. ते हिरवं प्रकरण बंद केलं, काढून टाकलं, आणि घाईत एकदम बदलायचं सुचलंच नाही, वाकड्या ओळी एकेक करून सरळ करत सुटले. शेवटची झाली आणि सलिल सर पडद्यावर आलेच. मी कळ दाबली आणि कोड चालला.

"चाललं म्हणायचं," सर म्हणाले. पुण्यात याहून मोठी शाबासकी मिळत नाही. "सोमवारपासून आपण कायम. पत्र येईल."

मी उडी मारून बाहेर आले. पप्पा वेताच्या खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून. मी ओरडले तेव्हापासून ते तसेच बसले असणार.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास. आता काढा हात."

त्यांनी हात काढले. तळव्यांवर वेताची वीण लालबुंद उमटली होती. बोटं हलेनात.

"मुंग्या आल्यात गं," ते माझीच माफी मागितल्यासारखं म्हणाले.

मला रडूच आलं. खाली बसून मी त्यांची बोटं एकेक करून चोळत राहिले. बऱ्याच वेळाने माझ्या तळहातावर आधी करंगळी हलली, मग बाकीची, आणि पप्पा टाइप करायला लागले.