वीतभर कबर

पन्नास सालच्या आसपासची गोष्ट. मृतांच्या दिवशी मी पाचूबंदरच्या चर्चच्या दफनभूमीत आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जायचे, तेव्हा शेजारच्या वीतभर कबरीपाशी एक सडपातळ कोळीण हमखास बसलेली असायची. एकदा मी विचारलं, “तुमचं बाळ का?”

“पोर नाय बाय, मीच हाय.”

पूर्वी ती फार जाड होती. आजारात वाळली तशी पोटाची कातडी मांडीपर्यंत लोंबायला लागली, चालताना चिघळायची. पाटल्या विकून तिने ती मुंबईच्या डॉक्टरकडून कापून घेतली आणि ती कातडी त्याच्याकडून मागून घेऊन इथे पुरली.

“शेवटच्या दिशी देव मेलेल्यांना उठवील तवा अर्धी कशी उठू? मेनबत्ती लावली का पोटाला ऊब लागते.”

इतक्यात वाऱ्याने तिची मेणबत्ती विझली. तिने दोन्ही हातांनी पोट आवळलं. आईच्या कबरीवरची मेणबत्ती उचलून मी तिथे ठेवली, तेव्हा कुठे तिचे हात सुटले.