धुऊन काढलेले आकडे

वैरवन पाथरवटाने कपाळावर हात मारून घेतला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

शिवाच्या देवळाची दक्षिणेकडची भिंत खचलेली. चोळ राजांच्या काळातली, अंगभर तमिळ लेख कोरलेली. ती उतरवून, पाया भरून, शिळा न् शिळा पुन्हा जागच्या जागी बसवायची, म्हणून त्याने प्रत्येक शिळेवर रंगाने आकडा घालून भिंत उतरवली होती, शिळा आवारात मांडल्या होत्या. मग दोन दिवस तो लेकीकडे काय गेला, गावातल्या बायका देवळाच्या साफसफाईच्या सेवेला आल्या! डागडुजीनंतर कळसावर पाणी घालायचा सोहळा, कुंभाभिषेक, तोंडावर आलेला. त्यांनी चिंच आणि काथ्या घेऊन सगळे आकडे घासून काढले. यांची पुढारीण कोण, तर वैरवनची बायको तैयल.

"सगळा जन्म पाथरवटाच्या घरात काढलास, आणि शिळेवरचा आकडा कळत नाही तुला?"

"मला वाटलं, मेल्या पोरांचे उद्योग," तैयल म्हणाली.

लेख उलटासुलटा लागला, की गेला तो कायमचा. जुनी अक्षरं वैरवनला वाचता येत नव्हती. गुडघे कामातून गेलेले. हे त्याचं शेवटचं काम, आणि तेच नासणार. विश्वस्त मात्र निवांत. एकजण म्हणाला, कोण वाचतंय ते, वर फरश्या लावून देणगीदारांची नावं घालू. ट्यूबलाइट दान देऊन तिच्यावर उजेड झाकेल एवढं नाव रंगवणारी ही माणसं. यांच्यापुढे काय डोकं फोडायचं!

शेवटी दोन शिळांच्या सांध्यावर अर्धी कापली गेलेली अक्षरं जुळवायला तो बसला. तैयल खाचांत विभूती भरायची, म्हणजे अक्षर उठून दिसे. हा एका ठेंगण्या शिळेवर पाय टेकून बायकोवर खेकसायचा. ती निमूट ऐकायची आणि घरी अळणी रसम वाढायची.

भिंत उभी राहिली, पण शेवटच्या ओळीच्या टोकाला भोक उरलं. एक शिळा कमी! धुणं आपटायला कुणी तळ्यावर नेली असेल म्हणून त्याने गावातल्या बायकांचा उद्धार केला. तळ्याचा काठही शोधून झाला. तो रडकुंडीला येऊन आपल्या नेहमीच्या जागेवर बसला. तैयल त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"अहो, पाय उचला."

मजुरांनी शिळा उलटली. पालथी पडलेली, म्हणून बायकांच्या काथ्यातून सुटलेली. तिच्यावरचा आकडा तेवढा शाबूत होता. वैरवनची मान खाली गेली.

तंजावूरहून लेख बघायला आलेल्या बाईंनी त्या शिळेवरची ओळ वाचून दाखवली. दान देणाऱ्याने कोरून ठेवलं होतं: हा दानधर्म जो राखील, त्याचे पाय माझ्या डोक्यावर.

"पाय तर इतके दिवस ठेवलेच आहेत," तैयल म्हणाली. "आता राखा."

वैरवनला हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं. शिळेला हात लावायला तो वाकला, पण गुडघे उठू देईनात. तैयलने खांदा पुढे केला.