मेंढक्यांची दैवशाला

चारठाण्याचे रायभान मेंढके मेंढरांशी जेवढं बोलतात, तेवढं माणसांशी बोलत नाहीत. सुगी झाली की शेतकरी त्यांचा कळप आपल्या रानात बसवून घेतात. रानाला खत मिळतं, रायभानभाऊंना ज्वारी. साठीतला हा माणूस एवढ्यावर सुखी आहे, आणि मला खरंच त्याचा हेवा वाटतो.

मागच्या वर्षी ते लेकीला घेऊन जिंतूरला माझ्या घरी आले. दैवशाला माझी विद्यार्थिनी. तिला इथल्याच टपाल कार्यालयात नोकरी लागली होती आणि रुजू होण्याआधी आडनाव बदलून ‘चारठाणकर’ करायचं होतं. शाळेत पोरं तिच्या मागे बें-बें करायची. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, त्याची लाज मला अजून वाटते.

“भरा बाई अर्ज,” भाऊ म्हणाले. “तिची मर्जी.” पण हातातली टोपी ते सारखी चुरगाळत होते.

तीस वर्षं इंग्रजी शिकवलेली जीभ माझी, ती गप्प कशी बसेल? म्हटलं, इंग्रजांची आडनावंही कामावरूनच पडलीत. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी. मेंढरं राखणारा तो शेफर्ड.

“त्या शेफर्डाकडं अजून मेंढरं हायेत का?” भाऊंनी विचारलं.

“कुठली? बहुतेकांच्या पणज्यानंच सोडली असतील.”

“तरी नाव ठिवलं?”

“ठेवलं.”

“आपल्याकडं तर अजून साठ हायेत,” ते लेकीकडे न बघता म्हणाले.

“बाई, तुमी त्यायलाच शिकवायलात,” दैवशाला माझ्यावर चिडली. कोऱ्या अर्जाची घडी करून तिनं पर्समध्ये टाकली आणि जुन्याच नावानं रुजू झाली.

परवा मी टपाल कार्यालयात गेले, तर माझ्यापुढे दत्तराव नावाचे शेतकरी उभे होते. तिच्या टेबलावरची पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली.

“मेंढके? रायभानची का तू?”

“हो,” ती म्हणाली आणि अंग चोरून बसली.

“मंग बापाला सांग, औंदा पयले माझ्या रानात बसवा म्हणावं. मागल्या साली तुमच्या मेंढरायनं हरभरा लय साधला.”

दैवशालानं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. पाठच्या कोऱ्या बाजूवर तिनं लिहिलं, ‘दत्तराव, पहिला नंबर.’ कागद माझ्या ओळखीचा होता.